मायबाप प्रेक्षक घरी बसले, त्याची गोष्ट

नाटकाच्या शंभराव्या प्रयोगाला जे सत्कारसमारंभ होतात, त्यांत प्रेक्षकांना ‘मायबाप’ म्हणण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. परंतु आपल्या मायबापांचे चरित्र लिहावे असे जसे सहसा कोणाच्या मनात येत नाही, तसेच ह्या मायबापांचेही झाले आहे. नाटककारांवर प्रबंध आहेत, नटांची आत्मचरित्रे कपाटभर आहेत, नेपथ्यावर आणि नाट्यसंगीतावरही ग्रंथ सापडतात. सातव्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर, मांडीवर पिशवी घेऊन बसलेला जो गृहस्थ ह्या साऱ्या व्यवहाराचे पैसे मोजतो, तो मात्र इतिहासात ‘गर्दी’ ह्या एका शब्दात आटोपतो. मी महाविद्यालयात मराठी शिकवते. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केले, हे वाक्य मी वर्गात किती वेळा उच्चारले असेल ह्याची गणती नाही. पण त्या दिवशी सांगलीस ते पाहावयास कोण कोण बसले होते, त्यांना घरातून कोणी बाहेर काढले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी शेजाऱ्याला जाऊन काय सांगितले, हे कोणत्याच पुस्तकात दिलेले नाही.

हे प्रश्न मला पडू लागले ते २०२० सालच्या मार्चपासून. १३ मार्चला, शुक्रवारी, राज्य सरकारने मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर अशा शहरांतील नाट्यगृहे आणि चित्रपटगृहे मध्यरात्रीपासून बंद होतील असे जाहीर केले. मुदत ३० मार्चपर्यंतची! शुक्रवार म्हणजे शनिवार-रविवारच्या प्रयोगांची तिकिटे पुष्कळांच्या घरी येऊन पडलेली. आमच्याही घरी, देव्हाऱ्याखालच्या खणात, चार तिकिटे होती. ‘पंधरा दिवसांचा तर प्रश्न!’ असे म्हणून आम्ही ती तशीच राहू दिली. पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. २५ मार्चपासून सारा देशच घरात बसला. नाट्यगृहे उघडण्याची परवानगी मिळाली ती ५ नोव्हेंबरला, म्हणजे योगायोगाने मराठी रंगभूमिदिनीच. आणि तीही निम्म्या खुर्च्यांपुरती. प्रत्यक्ष पडदे वर जाण्यास आणखी काही आठवडे लागले. वर गेलेले ते पडदे २०२१ च्या एप्रिलात पुन्हा खाली आले. त्या वर्षीच्या २२ ऑक्टोबरला दारे उघडली, पण पुन्हा निम्म्याच खुर्च्या. पुण्यामुंबईत सगळ्या खुर्च्या भरण्याची मोकळीक मिळाली ती मार्च २०२२ मध्ये. म्हणजे दोन वर्षे झाली. दोन वर्षांत मूल चालायला लागते, बोलायला लागते. सवय सुटायलाही तेवढी पुरतात.

सवय हा शब्द मी मुद्दाम वापरला. मराठी माणूस नाटकवेडा आहे असे आपण अभिमानाने म्हणतो, आणि ते खोटे आहे असे नव्हे. परंतु आमच्या मध्यमवर्गीय घरांतून जे नाटक पाहिले जाई, त्यात वेड दोन आणे आणि सवय चौदा आणे असे. वर्तमानपत्रातले नाटकांच्या जाहिरातींचे पान आधी उघडावयाचे. कोणाचा प्रयोग कोठे, साडेबाराचा की साडेपाचचा, हे पाहावयाचे. तिकीटबारीवर जाऊन आतल्या गृहस्थाने पुढे सरकवलेल्या प्लॅनवर मान वाकडी करून खुर्च्या शोधावयाच्या. ‘ही खांबाआड नाही ना हो?’ असे, त्या नाट्यगृहात खांब नसला तरी, विचारावयाचे. नाटक कसे निघेल ह्याची हमी कोणालाच नसे, आणि कोणी ती मागतही नसे. बरे निघाले तर आठवडाभर बोलायला विषय झाला. वाईट निघाले तर दोन आठवडे! मध्यंतरातला बटाटेवडा मात्र दोन्ही प्रसंगी सारखाच लागे.

साथीने नेमके हे चौदा आणे नेले. उरलेले दोन आणे शाबूत आहेत, ह्याविषयी माझ्या मनात शंका नाही.

घरी बसलेल्या त्या महिन्यांत आपण काही कमी पाहिले नाही. किंबहुना जन्मात पाहिले नसेल एवढे पाहिले. २८ मार्चपासून दूरदर्शनवर रामानंद सागरांचे ‘रामायण’ पुन्हा लागले, आणि १९८७ साली ते शेजाऱ्याच्या घरी जमिनीवर बसून पाहिलेल्या माझ्यासारख्या बाया आता स्वतःच्या सोफ्यावर बसून ते पाहू लागल्या. मोबाईलवर गायकांनी आपल्या बैठकीच्या खोलीतून मैफली केल्या. नटांनी नाट्यवाचने केली. पावसाळ्यात हृषीकेश जोशी ह्यांनी ‘मोगरा’ हे ‘नेटक’ सादर केले. निरनिराळ्या घरांतून कलावंतांनी एकाच वेळी, थेट, अभिनय करावयाचा आणि आपण तिकीट काढून पडद्यावर पाहावयाचे, अशी ती कल्पना होती. नावासकट सगळेच कल्पक होते. रंगभूमीवरची माणसे हातावर हात धरून बसली नव्हती, हे आवर्जून सांगितले पाहिजे. तरीपण काहीतरी उणे होते. गायकाने सुरेख जागा घेतली आणि पुढची ओळ तशीच सुरू केली. दाद येण्यासाठी जो अर्धा क्षण तो थांबे, तो क्षण गाण्यातून गळून गेला होता. त्या काळात साऱ्या देशाने मिळून टाळी वाजवली ती एकदाच, २२ मार्चच्या संध्याकाळी पाच वाजता. आणि तीही थाळीच्या साथीने!

पुण्यात भीमसेन जोशी यांनी १९५३ साली गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव २०२० आणि २०२१ ह्या दोन्ही डिसेंबरांत झाला नाही. पुणेकराला डिसेंबर कळतो तो थंडीमुळे नव्हे, तर शालीला येणाऱ्या डांबराच्या गोळ्यांच्या वासाने. ती शाल दोन वर्षे ट्रंकेतून निघाली नाही. २०२२ मध्ये महोत्सव पुन्हा भरला तेव्हा भारतीय बैठकीवर माझ्या शेजारी एक अनोळखी आजोबा होते. कोणी काही म्हटले नसताना त्यांनी आपली सतरंजी हातभर माझ्याकडे सरकवली, आणि मग, जरा विचार करून, वीतभर मागे घेतली. त्या एका हालचालीत त्या दोन वर्षांची सगळी कहाणी होती.

आता आमच्या घरचे सांगते. माझ्या सासूबाईंचा सात जणींचा एक गट होता. त्याला नाव नव्हते, अध्यक्ष नव्हता, वर्गणी नव्हती. महिन्यातून एकदा रविवारी साडेपाचच्या प्रयोगाला जावयाचे, एवढाच नेम. तो वीसएक वर्षे चालला. आम्ही घरची माणसे समजत होतो, की ह्या साती जणी नाटकवेड्या आहेत. खरी गोष्ट निराळी होती. त्यांतल्या एक बाई बँकेतून निवृत्त झालेल्या. त्या गुरुवारी सगळ्यांना फोन करीत, शुक्रवारी तिकिटे आणीत, आणि त्यांच्याजवळ एक लहानशी वही असे. हिला गुडघ्यामुळे कडेची खुर्ची हवी, हिला डाव्या कानाने कमी ऐकू येते म्हणून हिला डाव्या हाताच्या रांगेत बसवावयाचे, हिच्या यजमानांना सातच्या आत गोळ्या द्यावयाच्या असतात तेव्हा त्या महिन्यात साडेबाराचा प्रयोग, असे सगळे त्या वहीत. नाटक कोणते हे त्या ठरवीत. बाकीच्या ‘बरं’ म्हणत. नवा लेखक, अनोळखी नट, काहीही असो, सात खुर्च्या भरत. एखाद्या निर्मात्याला ठाऊकही नसेल, पण त्याच्या नव्या नाटकाच्या तिसऱ्या-चौथ्या प्रयोगाला, जेव्हा कोणीच येत नाही, तेव्हा जी माणसे बसलेली असत त्यांत ह्या सात जणी असत.

२०२१ च्या एप्रिलात त्या बाई गेल्या. दुसऱ्या लाटेत, नऊ दिवसांत. कोणाला भेटावयास जाता आले नाही. त्यांची ती वही पुढे कोठे गेली ते आम्हांला कळले नाही.

नाट्यगृहे उघडली तेव्हा सासूबाईंना मी म्हटले, ‘आई, तिकिटं काढू का?’ त्या म्हणाल्या, ‘अगं, बघू. फोन येईल.’ मग त्यांच्याच ध्यानात आले असावे. त्यांनी पुन्हा चष्मा लावला आणि वर्तमानपत्र उलगडले.

बाकी सहा जणींपैकी एक मुलाकडे बंगळुरास राहावयास गेल्या. दोघींच्या घरच्यांना त्यांनी गर्दीत जाणे नको होते, आणि पुढे पुढे त्यांनाही ते नकोसे झाले. ‘दिसतं की सगळं घरात!’ हे वाक्य मी त्या दिवसांत इतक्या घरांतून ऐकले, की त्याला म्हणीची योग्यता यावी. ते खोटेही नाही. घरात दिसते. हवे तेव्हा थांबवता येते, भाजी निवडता येते, नाही आवडले तर दुसरे लावता येते. घरी बसण्याचा मोठा लाभ हा, की कोणत्याही कलाकृतीला आपण पूर्ण शरण जावे लागत नाही; आणि माझ्या मते तोटाही तोच.

निम्म्या खुर्च्यांचे ते प्रयोग ज्यांनी पाहिले, त्यांनी ते विसरू नयेत. नाट्यगृहात एकाआड एक खुर्चीवर फुलीची पट्टी किंवा ‘येथे बसू नये’ अशी चिठ्ठी. दारात कपाळाशी तापमापक, हातावर जंतुनाशकाचे थेंब. पंचवीस वर्षे एका छपराखाली राहिलेले नवराबायको मध्ये एक खुर्ची सोडून बसलेले. माझे यजमान म्हणाले, ‘हे बरंय! कोपरानं ढोसायची तुझी सोय गेली.’ विनोद होता. पण त्यातच सगळे मर्म होते. मी त्या दिवशी एक गोष्ट शिकले, जी नाट्यशास्त्राच्या अभ्यासक्रमात नाही. हसू खुर्चीवरून खुर्चीवर जाते. मध्ये खुर्ची रिकामी असली की ते पलीकडे पोचत नाही. विनोदी नाटक होते, नट मुरलेले होते, वाक्ये हमखास होती. पूर्वी अशा वाक्याला पहिल्या चार रांगांतून उठलेले हसू लाटेसारखे मागे जाई, बाल्कनीत आपटे आणि परत येई. आता जागजागी एकेक माणूस आपापले हसत होता, आणि तेही मास्कमध्ये. नटांना समोर दिसत असतील ते नुसते डोळे. बालगंधर्व रंगमंदिरात सुमारे हजार माणसे बसतात. १९६८ पासून त्या भिंतींनी किती प्रकारचे हसू ऐकले असेल. हे मात्र त्यांनी पहिल्यांदाच ऐकले असेल.

तरी पण एक सांगते. त्या दिवशी पडदा पडल्यावर टाळ्या वाजल्या त्या थांबेनात. लोक उभे राहिले. पुण्याच्या प्रेक्षकाला उभे करणे ही सोपी गोष्ट नव्हे, हे ज्याने पुण्यात नाटक केले त्याला विचारावे. नाटक काही असे थोर नव्हते. लोक नाटकासाठी उभे राहिले नव्हते.

पुढे सगळ्या खुर्च्या खुल्या झाल्या, आणि थोड्याच दिवसांत ‘हाऊसफुल्ल’चे फलक पुन्हा झळकले. प्रशांत दळवी यांचे १९९१ सालचे ‘चारचौघी’ चंद्रकांत कुलकर्णी यांनी २०२२ मध्ये नव्या संचात आणले, तेव्हा त्याला जी गर्दी लोटली ती मी डोळ्यांनी पाहिली. तीन तासांहून लांबलेले, गंभीर, बोलके नाटक. ‘आजच्या माणसाला पाच मिनिटे धीर नाही’ असे म्हणणाऱ्यांनी त्या प्रेक्षागृहातली शांतता ऐकावयास हवी होती. मग प्रेक्षक परत आला असे म्हणावयास काय हरकत आहे?

आला, पण निराळा होऊन आला. पूर्वी तो ‘जाऊन तर पाहू’ म्हणून निघे. आता तो खात्री करून निघतो. नट कोण, कोणी पाहिले, किती तारे मिळाले, हे मोबाईलवर तपासतो, आणि प्रयोगाच्या दिवशी दुपारी ठरवतो. चार दिवस आधी कोणी कशाचा शब्द देत नाही. दोन वर्षे आपण जे जे ठरवले ते ते मोडले, त्यामुळे आधी ठरवण्यावरचा आपला विश्वासच उडाला असेल. शिवाय आता नाटकाला जाणे हा ‘कार्यक्रम’ झाला आहे. त्यासाठी चांगली साडी नेसावयाची, छायाचित्र काढावयाचे, ते चार जणांना पाठवावयाचे. ह्यात वाईट काही नाही. फक्त कार्यक्रम वर्षातून दोनतीनदा होतो. सवय महिन्याच्या महिन्याला असते. जे नाटक गाजलेले आहे त्याला ही दोनतीनदा येणारी माणसे पुरतात. ज्या नाटकाचे नाव कोणी ऐकले नाही, ज्याला तिसऱ्या प्रयोगाला सात बाया हव्या असतात, त्याचे काय, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. कारण जे नाटक पंचविसाव्या प्रयोगाआधीच बंद पडले, त्याची जाहिरात वर्तमानपत्रात नसते.

हे केवळ आपल्याकडेच घडले असेही नव्हे. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरची नाट्यगृहे १२ मार्च २०२० रोजी बंद झाली, ती मोठ्या प्रमाणात उघडली २०२१ च्या सप्टेंबरात. तेथे १९८८ पासून चाललेले ‘फँटम ऑफ द ऑपेरा’ २०२३ च्या एप्रिलात थांबले. वाढलेला खर्च आणि पूर्वीइतका न परतलेला प्रेक्षक, ही त्याची कारणे सांगितली गेली. एवढ्या श्रीमंत रंगभूमीची ही गत!

वर्गात शिकवताना मला नेहमी जुन्या साथी आठवतात. लंडनची नाट्यगृहे प्लेगमुळे १५९२-९३ मध्ये आणि पुन्हा १६०३ मध्ये बंद होती. शेक्सपिअरने पहिल्या खेपेला त्या रिकाम्या वेळात दीर्घकाव्ये छापून काढली. साथ ओसरल्यावर लोक थिएटरात परत आले. कारण घरी बसून पाहावे असे त्यांच्याजवळ होते काय? आपल्या रंगभूमीवर खरा घाला पडला तो बोलपटाचा. ‘प्रभात’चा ‘अयोध्येचा राजा’ १९३२ साली आला आणि पुढच्या काही वर्षांत एकामागून एक नाटकमंडळ्यांनी गाशा गुंडाळला. खुद्द बालगंधर्वांनी १९३५ साली ‘धर्मात्मा’ ह्या बोलपटात काम केले. मराठी नाटक आता संपले, असे त्या वेळी पुष्कळांनी लिहून ठेवले आहे. पण एक लक्षात घ्या. तेव्हाचा प्रेक्षक नाट्यगृहातून उठून गेला तो चित्रपटगृहात. तेथेही अंधार होता, शेजारी परके माणूस होते, मध्यंतर होते. बाहेर पडून, चारशे अनोळखी माणसांबरोबर एकाच वेळी एकाच दिशेला पाहावयाचे, ही सवय त्याने सोडली नाही. म्हणून पुढे नाटकाने पुन्हा बोलावले तेव्हा तो येऊ शकला. ह्या खेपेला माणूस एका दारातून उठून दुसऱ्या दारात गेलेला नाही. तो घरी गेला आहे. आणि घरातून माणसाला बाहेर काढणे हे काम जाहिरातीने होत नाही. त्याला शेजारीण लागते.

ह्याचा एक पुरावा मला चित्रपटगृहातच मिळाला. २०२३ च्या पावसाळ्यात केदार शिंदे यांचा ‘बाईपण भारी देवा’ आला आणि बायका घोळक्याघोळक्याने निघाल्या. सोसायट्यांच्या, भिशीच्या, भजनी मंडळांच्या. माझ्या मुलीने आजीला आणि त्यांच्या उरलेल्या दोन मैत्रिणींना जवळजवळ ओढत नेले. चित्रपटगृहात नुसता कल्ला होता. पडद्यावरच्या बाईला खुर्चीवरची बाई उत्तरे देत होती, पलीकडची कोणी रडत होती आणि अलीकडची तिला रुमाल देत होती. घरी आल्यावर मी विचारले, ‘काय आई, कसा वाटला?’ सासूबाई पायांना तेल लावीत म्हणाल्या, ‘सिनेमा बरा होता. बायका फार छान होत्या.’

मोठ्यांचे ठीक आहे. त्यांना सवय होती आणि ती सुटली. ज्यांना ती लागावयाचीच होती त्यांचे काय? रत्नाकर मतकरी यांनी १९६२ पासून ‘बालनाट्य’ ह्या संस्थेमार्फत मुलांना खऱ्याखुऱ्या नाट्यगृहात आणून बसवले. ‘अलबत्या गलबत्या’तली चेटकीण पाहून खुर्चीखाली लपलेली मुले आज आजीआजोबा झाली आहेत. १७ मे २०२० रोजी मतकरी करोनानेच गेले. त्यांचे हे नाटक २०१८ पासून नव्याने जोरात चालले होते, वैभव मांगले चेटकीण होत असत, आणि आम्ही माझ्या लहान भाच्याला ते दाखवणारच होतो. चेटकिणीला भिण्याचे वय मुलाच्या आयुष्यात दोनतीन वर्षांचेच असते. भाच्याची ती वर्षे मोबाईलसमोर गेली. पुढे त्याने पहिले नाटक पाहिले तेव्हा तो नऊ वर्षांचा झाला होता. तो घाबरला नाही. ‘मावशी, तो धूर कुठून सोडतात?’ एवढेच त्याने विचारले. प्रश्न हुशारीचा होता, आणि मला वाईट वाटले.

महाविद्यालयातली गोष्ट आणखी विचार करावयास लावणारी. पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धा घेते. भरत नाट्य मंदिरात त्या दिवसांत ज्याने पाऊल टाकले असेल त्याला प्रेक्षक म्हणजे काय ते सांगणे न लगे. ‘आव्वाज कुणाचा?’ अशी आरोळी उठते, आणि मग छप्पर राहते हे नवल! ही आरोळी कोणी शिकवीत नाही. पहिल्या वर्षाचा मुलगा तिसऱ्या वर्षाच्या मुलाशेजारी उभा राहतो आणि शिकतो. केव्हा ओरडावयाचे, पडदा वर गेला की केव्हा एकदम गप्प व्हावयाचे, दुसऱ्या महाविद्यालयाची एकांकिका चांगली झाली तर मत्सर गिळून टाळी कशी द्यावयाची, हे सारे त्या गर्दीत उभे राहून येते. साथीत ती घडी विस्कटली. तिसऱ्या वर्षाची मुले पदव्या घेऊन गेली आणि पहिल्या वर्षाची मुले घरी बसून तिसऱ्या वर्षात आली. २०२२ च्या सप्टेंबरात परीक्षकांनी एकही एकांकिका करंडकाच्या योग्यतेची नाही असे ठरवून तो कोणालाच दिला नाही. त्यावर पुष्कळ वादविवाद झाला. परीक्षकांचे बरोबर की मुलांचे, ह्यात मी पडत नाही. दोन वर्षे ज्यांनी एकमेकांशेजारी उभे राहून काही पाहिलेच नव्हते, त्यांच्याकडून आपण काय मागत होतो, एवढेच माझ्या मनात आले.

त्याच सुमारास मी पहिल्या वर्षाच्या वर्गात विचारले, ‘नाट्यगृहात बसून नाटक कोणी पाहिलंय?’ साठांच्या वर्गात हात वर झाले ते दहाबारा. ही मुले मराठी घरांतली, मराठी घेतलेली. त्यांचा दोष नाही. ज्या वयात घरचे किंवा मित्र नाटकाला घेऊन जातात ते त्यांचे वय घरात गेले. मी त्यांतल्या चौदा जणांना शनिवार पेठेतल्या सुदर्शन रंगमंचावर एका नव्या, कोणीच नाव न ऐकलेल्या नाटकाला नेले. जाण्यापूर्वी त्यांचे प्रश्न ऐकण्यासारखे होते. ‘मॅडम, मध्येच उठलं तर चालतं का?’ ‘फोन सायलेंटवर चालेल का, की बंदच?’ एका मुलाने अगदी मनापासून विचारले, ‘मॅडम, आणि कंटाळा आला तर?’

मी म्हटले, ‘तर कंटाळायचं. दहा मिनिटांनी जातो.’

त्याला ते पटले नाही; पण त्याने ते करून पाहिले. पहिल्या वीस मिनिटांत त्याचा अंगठा दोनदा मांडीवर उजवीकडे सरकलेला मी पाहिला. नको तो भाग पुढे ढकलण्याची ती सवय होती. नंतर तो अंगठा स्वस्थ झाला. नाटक मध्यम होते. एक प्रवेश उत्तम, दोन पसरट. बाहेर चहाच्या टपरीवर मुले त्याविषयी भांडू लागली तेव्हा मला बरे वाटले. गावाकडून आलेली, फारसे न बोलणारी एक मुलगी म्हणाली, ‘मॅडम, माझ्या पुढे एक आजोबा होते. त्यांना हसू यायच्या आधी त्यांचे खांदे हलायचे. मग मला कळायचं, की आता काहीतरी आलंय.’ वीस वर्षांत प्रेक्षकाची ह्याहून नेमकी व्याख्या माझ्या कोणत्याही विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत लिहिलेली नाही.

आता तीच मुलगी गुरुवारी सगळ्यांना मोबाईलवर निरोप पाठवते. ह्याची हडपसरची शेवटची बस चुकता कामा नये, म्हणून तो दाराजवळ. तिच्या घरी रात्रीचे चालत नाही, म्हणून दुपारचा प्रयोग. असे ती सगळे लक्षात ठेवते. चौदा जणांत चार महिन्यांनी सहा उरले. ह्या सहांवर कोणाचे नाटक चालणार नाही, हे मलाही कळते. एकदा मी सासूबाईंना त्यांच्याबरोबर चलण्याविषयी विचारले. ‘एवढ्या पोरांत मी काय करू?’ म्हणून त्या आल्या नाहीत. पुढच्या खेपेला आल्या. त्या मुलीने त्यांना काही न विचारता कडेची खुर्ची दिली होती.

त्या दिवशी मध्यंतरात आम्ही सगळे वडे खात उभे होतो. अंगठा सरकवणारा तो मुलगा माझ्याजवळ आला आणि म्हणाला, ‘मॅडम, ह्या नटांना आतून कळतं का हो, आज कोण कोण आलंय ते?’ मी काही बोलणार तोच घंटा झाली. सासूबाई म्हणाल्या, ‘चला रे, आत चला. दिवे गेले की मला पायरी दिसत नाही.’ त्याने वड्याचा कागद खिशात कोंबला आणि त्यांना हात दिला.